कुंपणाबाहेरची बहीण

मास्तरांनी माझ्या आईला फसवलं. चुकून नाही, जाणूनबुजून. एकदा फसवलं आणि मग एक्केचाळीस वर्षं ती फसवणूक तशीच चालू ठेवली, गावात होते तोवर दर मिस्सेला, तिच्यासमोर उभं राहून. हे मी आधीच लिहून टाकते, कारण आमच्या लोकांना काही सांगायला गेलं की पहिल्याच वाक्याला ते म्हणतात, 'जाऊ दे बाई, म्हातारा माणूस हाय.' म्हातारी तर माझी आईही आहे.

मास्तर म्हणजे आमचे धर्मशिक्षक. वडवणी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या टोकाला कॅथलिकांची अकरा घरं, पत्र्याचं छोटं चर्च आणि ओढ्याच्या अलीकडे दफनभूमी. फादर मिशनच्या गावाहून महिन्यातून दोनदा मोटरसायकलवर येतात, मिस्सा, म्हणजे आमचा वेदीवरचा उपासनाविधी, करतात, कोणाकडे तरी जेवतात आणि जातात. दर पाचसहा वर्षांनी फादर बदलतात. मास्तर बदलत नसत. मुलांकडून प्रार्थना पाठ करून घ्यायचे ते, लग्नाआधी दोन्ही घरांची चौकशी करायचे ते, कोणी पापकबुली केली आणि कोणी टाळली हे लक्षात ठेवायचे तेच. फादरांपर्यंत पोचायचं तर आधी मास्तरांना ओलांडावं लागे.

मी शेळ्यांची व्यापारी आहे. बाजारात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा दलाल हसले होते. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आतून बोटं धरून भाव सांगायचा, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. 'बाईमाणसाचा हात कोण धरील बे?' असं एक जण माझ्यादेखत म्हणाला. मी घरून स्वतःचा रुमाल आणला, त्याच्याच हातावर टाकला आणि त्याचीच शेळी घेतली. शिकले कोणाकडून? कोणाकडूनच नाही. बघत बघत. शेळीचे दात मी तिचं तोंड न उघडता सांगते आणि रुमालाखाली बोट धरलं की समोरचा खोटं बोलतोय का, ते मला त्याच्या बोटांवरून समजतं. आणि इतकी वर्षं माझ्याच घरात एवढा मोठा खोटा सौदा पडून होता, तो मला दिसला नाही. संताप त्याचाही आहे.

आई मिस्सेला कधी चुकली नाही. पण ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे उठत, तेव्हा ती उठत नसे. शेवटच्या सतरंजीवर, भिंतीला टेकून, पदर कपाळापर्यंत ओढून जमिनीकडे बघत बसे. बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. बाई उठली नाही, नाही उठली. पण आमची श्रद्धा अशी आहे की वेदीवर फादरांनी ते शब्द उच्चारले की ती पातळ पांढरी भाकर भाकर राहत नाही. दिसायला तीच, चवीला तीच, आत मात्र स्वतः ख्रिस्त. आठवण म्हणून नाही, खूण म्हणून नाही, तो स्वतः. त्याच्या पंगतीला येऊन जी बाई दर वेळी जेवल्याशिवाय परत जाते, तिचं काय होत असेल?

लहानपणी मी एकदा विचारलं, 'आई, तू कावून घेत न्हाईस?' तिनं कानाखाली दिली. पुन्हा विचारलं नाही. माझ्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी पांढरा फ्रॉक घालून मी रांगेत होते. फादरांच्या शेजारी मास्तर ताटली धरून उभे होते, पडलेला कण झेलायला. मी वळून आईकडे बघितलं. ती मास्तरांकडे बघत होती.

नंतर, मी मोठी झाल्यावर, थोडं थोडं कळलं. माझ्याआधी एक बहीण होती.

आईबाबा तेव्हा ऊसतोडीला जात. पाचव्या-सहाव्या महिन्यात गेलेली आई तिकडे फडावरच बाळंत झाली, दिवस भरायच्या आधी. भर दुपारची वेळ, बाबा आणि टोळीतले सगळे ट्रक भरायला गेलेले. कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, आई आणि शेजारच्या कोपीतली एक बाई. ती बाई आमच्यातली नव्हती. बालाघाटाकडची, हिंदू शेतकरी घरातली, आईच्याच वयाची. तिनंच नाळ कापली. पोर मुठीएवढं. रडलं नाही, नुसतं तोंड उघडमीट करत होतं. आईला एवढं माहीत होतं की लेकरू बाप्तिस्म्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. तिला उठता येत नव्हतं. ती त्या बाईला म्हणाली, 'तांब्यात पाणी घे. तिच्या डोक्यावर वत. आन् मी म्हणते तसं म्हण.'

त्या बाईनं पाणी घेतलं. आईनं एकेक शब्द सांगितला, तिनं एकेक शब्द म्हटला: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देते. तीन वेळा पाणी ओतलं. नावही ठेवलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते आधी जिथं लिहायला हवं तिथं लिहा, मग मी लिहीन.

दोन दिवस पोर तगलं. बाबांनी मुकादमाच्या पाया पडून सुट्टी मिळवली आणि तिघं एसटीनं घरी निघाले. मांजरसुंब्याच्या घाटात, आईच्या मांडीवर, ती गेली. आईनं गाडी थांबवली नाही. कंडक्टरला कळलं असतं तर मधेच उतरवलं असतं. पदराखाली घेऊन तशीच बसली गावापर्यंत.

दफनभूमीच्या फाटकाशी मास्तर उभे होते. बाप्तिस्मा झाला का, कोणी दिला, त्यांनी विचारलं. आईनं सांगितलं. अकरा घरांतली माणसं उभी होती, त्यांच्यासमोर मास्तर म्हणाले, 'हिंदू बाईनं वतलेलं पाणी म्हंजे नुसती आंघोळ. बाप्तिस्मा न्हाई झाला. पोर कुंपणाच्या आत येणार न्हाई.' तेव्हा बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं. बाबांनी काट्यांच्या बाहेर, ओढ्याच्या बाजूला, खड्डा खणला. आणि मास्तरांनी आईला वर हेही सांगितलं, की पवित्र संस्काराची तू थट्टा केलीस, हे पाप आधी कबूल कर, मग ख्रिस्तप्रसादाला ये.

आईनं कबूल केलं नाही. ती म्हणाली, 'मी पाणी घातलं ते पाप न्हाई. बाकीची सगळी पापं सांगते, त्येवढं न्हाई सांगणार.' म्हणून ती शेवटच्या सतरंजीवर. मला वाटत होतं आई हट्टी आहे. आमच्या घरात हट्ट कोणाकडून आला हा प्रश्नच नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भावाला मुलगा झाला आणि त्यानं मला धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणारी, व्हायला सांगितलं. आताचे फादर तरुण आहेत, नियमाचे पक्के. आईबाप आणि धर्ममातापिता यांनी वर्गाला बसल्याशिवाय बाप्तिस्मा नाही म्हणाले. शनिवारी दुपारी आम्ही पाचसहा जण चर्चमध्ये बसलो. मला बाजाराचे फोन येत होते. फादर सांगत होते: संस्कार सात. बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, प्रायश्चित्त, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, गुरुदीक्षा, विवाह. संस्कार म्हणजे डोळ्यांना दिसणारी खूण, आणि तिच्यातून मिळणारी न दिसणारी कृपा. कृपा म्हणजे देवानं आपल्या आयुष्यातला वाटा आपल्याला देणं, तोही फुकट, आपली लायकी न बघता.

'फुकट कोणी काही देत नाही, फादर,' मी म्हटलं.

सगळे हसले. फादरही हसले. 'ताई, बाजारात नाही देत. म्हणून तर ही कृपा.'

मी म्हटलं, 'आणि देणारा फादरच पापी निघाला तर? माल खोटा?'

'नाही,' ते म्हणाले. 'संस्काराचं बळ देणाऱ्याच्या पुण्याईवर नसतं. कृतीतच असतं, कारण खरा देणारा ख्रिस्त. फादर चांगला असो, वाईट असो.'

हे मला पटलं. बाजारात दलाल दारू पिऊन आला तरी रुमालाखाली झालेला सौदा सौदाच राहतो. कोणतीही शेळी म्हणत नाही, की दलाल शुद्धीवर नव्हता म्हणून मी घरी जाते. मी फोन बंद केला आणि नीट ऐकायला लागले.

फादर पुढं म्हणाले, बाप्तिस्म्याला तीन गोष्टी लागतात. पाणी, ते शब्द, आणि ख्रिस्तसभा, म्हणजे आपला सगळा धर्मसमाज, जे करते ते करायचा मनातला हेतू. बाप्तिस्म्याचा आत्म्यावर ठसा उमटतो. तो पुसत नाही, म्हणून बाप्तिस्मा दुसऱ्यांदा देत नाहीत. एरवी तो फादरांनी द्यायचा, पण लेकरू मरायला टेकलं असेल तर कोणीही देऊ शकतं.

'कोणीही म्हणजे आपल्यातलं कोणीही ना?'

'नाही ताई. कोणीही. हिंदू, मुसलमान, स्वतःचा बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा. पाणी, शब्द आणि हेतू असला की झालं.'

'हा नियम नवीन निघालाय का?'

'छे. शेकडो वर्षांपासूनचा आहे.'

मी उठून उभी राहिले. प्लॅस्टिकची खुर्ची मागे पडली. माझ्या तोंडून काय काय निघालं ते चर्चमध्ये बोलण्यासारखं नव्हतं आणि इथं लिहिण्यासारखंही नाही. भाऊ मला ओढत होता, 'अक्का, बस ना, लोक बघतेत.' बघू देत. एक्केचाळीस वर्षांपूर्वीही लोक बघतच होते.

वर्ग संपल्यावर मी फादरांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, 'मास्तरांना माहीत नसेल. त्या काळी शिक्षण...' मी म्हटलं, 'ज्यानं आम्हाला शिकवलं त्याचंच शिक्षण नव्हतं?' तेव्हा मला एक गोष्ट आठवली. मास्तर आम्हाला प्रश्नोत्तरांच्या एका पातळ पुस्तकातून शिकवत. प्रश्न ते विचारत, उत्तर आम्ही ओरडून द्यायचो. बाप्तिस्म्याच्या धड्यात एक प्रश्न ते नेहमी सोडून द्यायला लावत. 'ह्यो सोडा, पुढचा घ्या.' आम्हाला आनंद व्हायचा, एक उत्तर कमी.

चर्चच्या कपाटात उदबत्त्यांच्या खाली त्या पुस्तकाची एक प्रत सापडली. मी पान काढलं. सोडलेला प्रश्न होता: अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा कोण देऊ शकतो? उत्तर दोन ओळींचं. फादरांनी वाचलं आणि पुस्तक माझ्याकडे परत दिलं. नसेल माहीत, असं मग ते म्हणाले नाहीत.

मास्तर आता पालीला मुलाकडे राहतात, धरणाच्या अंगाला. मी सोमवारी गेले. ओट्यावर खाटेवर बसले होते, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. आवाजावरून ओळखलं.

'शेळीवाली आली का? ये बाई, ये. लई मोठी झालीस म्हणं. देवाची कृपा.'

'मास्तर, एक प्रश्न इचारायला आले. तुमी सोडलेला.' मी पुस्तकातला प्रश्न मोठ्यानं वाचला. 'सांगा उत्तर.'

सून पाणी घेऊन आली होती, ती दारातच थांबली. मास्तर हसायला गेले, पण ते जमलं नाही. हात लांब करून त्यांनी माझा हात शोधला आणि धरला. बाजारात मी हजारो हात धरलेत. ही बोटं खोट्या माणसाची नव्हती. पकडल्या गेलेल्या माणसाची होती.

'तुला कोणी सांगितलं?'

'फादरांनी. नव्या.'

'मलाबी फादरांनीच सांगितलतं,' ते म्हणाले. 'जुन्या.'

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांना तीन वेळा सांगायला लावलं, कारण मला पहिल्यांदा खरं वाटेना. पोर पुरल्यावर पुढच्या मिस्सेला आई तेव्हाच्या फादरांकडे गेली होती. ते दक्षिणेकडचे, नवे आलेले, मराठी तुटकं. मधे मास्तर. आईनं विचारलं, माझ्या लेकराचा बाप्तिस्मा झाला का न्हाई? मास्तरांनी ते इंग्रजीत फादरांना सांगितलं. फादरांनी विचारलं, पाणी होतं? शब्द बरोबर म्हटले? करणारीचा हेतू होता? मास्तर तिन्हीला हो म्हणाले. फादर म्हणाले, मग बाप्तिस्मा झाला; बाप्तिस्म्याच्या वहीत लिहा, पोराला कुंपणाच्या आत घ्या. आणि फादरांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला.

'आन् तुमी आईला काय सांगितलं, मास्तर?'

'फादर म्हणतेत, देव दयाळू हाय.'

'एवढंच?'

'एवढंच.'

आई समोर बसलेली. फादरांचा हात तिच्या डोक्यावर. खरं उत्तर त्या खोलीत बोललं गेलं होतं, तिच्या कानांवरून गेलं होतं, फक्त तिला कळणाऱ्या भाषेत नव्हतं. बाजारात अशा दलालाला, जो दोघांनाही वेगळं सांगतो, त्याला पुन्हा कोणी उभं करत नाही. आमच्याकडे त्याच्या हातात ताटली दिली.

'कावून?' मी विचारलं. 'तुमचं काय घोडं मारलं होतं तिनं?'

'सगळ्यांम्होरं न्हाई म्हणालतो ना, बाई. आठ दिवसांत माघारी कसं घेणार? मास्तरकीला काय ऱ्हायलं असतं? कोणी ऐकलं असतं का माझं पुन्हा?' मग हळू आवाजात म्हणाले, 'मला वाटलं ती यील. कबुली करील, वाकल, मग मी हळूच वहीत लिहून टाकीन. ती आलीच न्हाई. लई ताठ बाई.'

म्हणजे ती वाट बघत होती खऱ्याची, आणि हे वाट बघत होते तिच्या वाकण्याची. मी म्हटलं, 'रविवारी गावात चला. जे आत्ता बोललात ते लोकांसमोर बोला.' तेवढ्यात मुलगा आतून आला. 'ओ अक्का, म्हाताऱ्याला तरास देऊ नका. झालं गेलं गंगेला मिळालं.' मास्तरांनी माझा हात सोडला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी पाणी न पिता निघाले.

फादर म्हणाले, वहीत लिहायला साक्षीदार हवा. आई आहेच, पण पाणी ओतणारी मिळाली तर उत्तम. मला वाटलं होतं ती शोधण्यात वर्ष जाईल. आईला विचारलं तर ती म्हणाली, 'मांजरसुंब्याला हाय की. ढाब्यावर भाकरी थापते. मी बीडला जाता-येता तिच्याकडं उतरते.' एक्केचाळीस वर्षं दोघी भेटत होत्या आणि आम्हाला पत्ता नाही.

मी फादरांना मोटरसायकलवरून तिकडेच नेलं. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. मावशी चुलीपुढं बसली होती, हात पिठात. फादरांनी पिशवीतून वहीच्या पानाची झेरॉक्स काढली, पेन काढलं.

'मावशी, तुम्ही पाणी ओतलं?'

'मग? तुमी वतलं का?'

'शब्द कोणते म्हटले, आठवतात?'

तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणून दाखवले. सगळे. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, काही चुकलं नाही. 'तिनं दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून,' ती म्हणाली. 'मरायला टेकलीवती, पण मास्तरणीवाणी दरडावत होती. म्हणली, मधला शब्द गाळू नको.'

फादर हसले, मग गंभीर झाले. 'आता नीट सांगा. पाणी ओतताना तुमच्या मनात काय होतं?'

'मनात?' मावशी त्यांच्याकडे अशी बघायला लागली जशी येड्याकडे बघतात. 'माझ्या मनात काय असणार? म्हणलं, मला ह्यातलं काई कळत न्हाई, पर हिच्या देवाला जे पाह्यजे ते ह्या लेकराला होऊ दे. बस. आन् म्हणलं, माय, जगू दे.'

फादरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, 'ताई, मोठमोठ्या ग्रंथांत हेतू म्हणजे काय यावर पानंच्या पानं आहेत. या बाईनं एका वाक्यात सांगितलं.' मावशी म्हणाली, 'भाकर खाणार का, का नुसतं लिव्हणार?' आणि मला म्हणाली, 'त्यो मास्तर म्हणलता म्हणं, माझ्या हातचं पाणी चालत न्हाई. त्याला म्हणावं, भाकर चालती का बघ.' मी हसले खरी. ज्या बाईनं माझ्या बहिणीला देवाच्या दारातून आत घातलं, तिच्या हाताला आमच्या माणसानं, आमच्याच देवाचं नाव घेऊन, विटाळ लावला. आम्हाला कोणी असा विटाळ लावला की आम्ही किती ओरडतो.

संध्याकाळी फादर आणि मी घरी गेलो. आई अंगणात बसली होती. तिचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी सांगितलंय. चार पावलं चालली की धाप लागते. फादर तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. हळू, मराठीत. तिच्या पोरीचा बाप्तिस्मा झालेला होता. पहिल्या दिवसापासून. पुसला न जाणारा ठसा तिच्यावर होता. आणि आईनं केलं ते पाप नव्हतं. एखाद्या आईनं करावं तेच केलं होतं.

मला वाटलं ती रडेल. मी पदर धरायला पुढे झाले होते.

ती फादरांना म्हणाली, 'म्हंजे मी खरी होते.'

'हो, आजी.'

'पहिल्यापसनं.'

'हो.'

'मग मला उपाशी कावून ठिवलं?'

  मी पुढे झाले होते, तिथंच तिच्या पायाशी बसले.

फादरांनी पिशवीतून तेलाची छोटी डबी काढली. म्हणाले, आजी, तैलाभ्यंग देतो, आणि ख्रिस्तप्रसादही आणलाय. आता घ्या. आईनं हात पुढे करून डबीवर ठेवला, झाकण उघडू दिलं नाही. 'न्हाई,' म्हणाली. 'आधी सांगा. त्या दिवशी सगळ्यांम्होरं न्हाई म्हणले. आता सगळ्यांम्होरं हो म्हणा. माझ्या पोरीला आत घ्या. आन् मी कावून उपाशी ऱ्हायले ते मला तोंडानं सांगा. मग तोंड उघडीन.'

फादरांनी तिला समजावलं. क्षमा, प्रायश्चित्ताचा संस्कार, देवाची दया. सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण क्षमा द्यायला आधी कोणीतरी मागणारा लागतो. इथं देणारी तयार बसली आहे, मागणाराच दिसत नाही. जाताना फादर मला अंगणाच्या फाटकाशी म्हणाले, 'ताई, तुम्ही समजवा.' मी म्हटलं, 'फादर, तिचा भाव एकच आहे आणि तो रास्त आहे. मी कमी करून देणार नाही.'

त्यांनी बिशप हाऊसला कागद पाठवला. उत्तर आलं की चौकशी होईल, जुनी बाब आहे, संयम ठेवा. मास्तरांच्या मुलानं निरोप पाठवला की वडिलांची तब्येत ठीक नाही, येणं जमणार नाही. अकरा घरांतले काही म्हणतात, कशाला उकरता. ते त्या दिवशी फाटकाशी उभे होते किंवा त्यांचे बाप उभे होते. आता तिथं काटे नाहीत, तारेचं कुंपण आहे, सिमेंटचे खांब. माझी बहीण त्या तारेपासून चार हातांवर आहे. मी मोजलं. दोन खांब काढून पुढे रोवले की ती आत येते. एका सकाळचं काम. मी माणसं आणून ते उद्या करू शकते, पण करणार नाही. ज्यांनी बाहेर काढलं, त्यांनीच आत घ्यायचं.

काल आईला दोनदा धाप लागली. मी विचारलं, फादरांना बोलावू? ती म्हणाली, 'उत्तर घेऊन येणार असतील तर बोलव.'

म्हणून मी हे लिहिते, आणि ज्यांना हे लागू आहे त्या सगळ्यांना विचारते. मास्तर, तुम्हाला. तुम्हाला दिसत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करू नका. तुमचा आवाज शाबूत आहे. बिशपसाहेब, तुम्हाला, कारण मास्तर उभे होते ते तुमच्या सभेच्या नावानं, आणि त्यांच्या हातात ती ताटली तुमच्या लोकांनी दिली होती. आणि त्या दिवशी फाटकाशी उभे राहून गप्प बसलेल्या घरांना. या रविवारी मिस्सा आहे. आई शेवटच्या सतरंजीवर असेल. चालवलं नाही तर मी उचलून आणीन. वही आणा, तिच्यात माझ्या बहिणीचं नाव लिहा, आणि सगळ्यांसमोर तिच्या आईला सांगा, तिला उपाशी का ठेवलं. मला नका सांगू. तिला सांगा. ती अजून जिवंत आहे.